एका टक्क्याचा हिशेब : म्युच्युअल फंडातील खर्च आणि आपली बचत



बचत ही आपल्या भागातील माणसाला नवी गोष्ट नाही. भिशी, सोन्याचा मणी, पोस्टाचे आवर्ती खाते, बँकेची मुदत ठेव, पतसंस्थेची दामदुप्पट, महिला भगिनींचा बचत गट ही सर्व बचतीचीच रूपे होत. गेल्या काही वर्षांत त्यांत म्युच्युअल फंडाची भर पडली आहे. महिन्याला पाचशे किंवा हजार रुपये खात्यातून परस्पर वळते होणारी 'एसआयपी' आता सेलूसारख्या तालुक्याच्या गावीही शिक्षक, परिचारिका, एसटीचे कर्मचारी, दुकानदार आणि नुकतेच नोकरीला लागलेले तरुण यांच्या बोलण्यात येते. ही समाधानाची बाब आहे. तथापि फंडात पैसे घालणारा माणूस 'किती मिळेल' हे जितक्या आवडीने विचारतो, तितक्या आवडीने 'यात खर्च किती कापला जातो' हे विचारत नाही. वास्तविक पहिल्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र छापील स्वरूपात उपलब्ध असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

फंड म्हणजे काय आणि खर्च कशाचा?

म्युच्युअल फंड म्हणजे अनेकांनी एकत्र केलेला पैसा. तो पैसा एक व्यवस्थापन कंपनी शेअर्स, कर्जरोखे इत्यादींत गुंतवते. गुंतवणूकदाराला त्याच्या रकमेच्या प्रमाणात युनिट मिळतात. एका युनिटची त्या दिवसाची निव्वळ किंमत म्हणजे 'एनएव्ही'.

आपल्या देशात याची सुरुवात युनिट ट्रस्टने केली. १९६३ च्या कायद्याने युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि १९६४ मध्ये 'यूएस-६४' ही प्रसिद्ध योजना निघाली. १९८७ मध्ये स्टेट बँकेचा फंड आला, १९९३ मध्ये खासगी क्षेत्राला परवानगी मिळाली. १९९२ च्या कायद्याने अधिकार मिळालेली 'सेबी' ही संस्था आज या सर्वांवर देखरेख ठेवते.

आता खर्चाकडे वळू. फंड चालवण्यासाठी तज्ज्ञ व्यवस्थापक लागतो, हिशेब ठेवणारी यंत्रणा लागते, रोखे सांभाळणारी संस्था लागते, लेखापरीक्षक लागतो, जाहिरात होते आणि जो मध्यस्थ ग्राहक आणून देतो त्याचे कमिशन असते. हा सर्व खर्च योजनेच्या पैशातून, म्हणजे गुंतवणूकदारांच्याच पैशातून भागवला जातो. त्याचे वार्षिक प्रमाण टक्क्यांत सांगतात. त्यालाच 'एकूण खर्चाचे प्रमाण' किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून 'टीईआर' असे म्हणतात.

मोंढ्यातील पट्टी आणि फंडाचा खर्च

मोंढ्यात सोयाबीन किंवा तूर घातली की आडत, हमाली, तोलाई हे शब्द कानावर येतातच. कोणाकडून काय कापले ते हिशेबाच्या पट्टीवर लिहिलेले असते. शेतकरी ती पट्टी घरी नेऊन पोराकडून वाचून घेतो आणि दोन रुपये जास्त कापले तरी दुसऱ्या दिवशी विचारायला जातो.

फंडाच्या खर्चात आणि आडतीत दोन महत्त्वाचे फरक आहेत.

पहिला फरक असा की, आडत ही त्या मालाच्या विक्रीवर एकदाच द्यावी लागते. फंडाचा खर्च दरवर्षी लागतो आणि तो त्या वर्षी भरलेल्या हप्त्यावर नव्हे, तर आजपर्यंत साठलेल्या संपूर्ण रकमेवर, म्हणजे मुद्दल अधिक नफा यांवर लागतो. फंडाला तोटा झाला त्या वर्षीही तो लागतो.

दुसरा फरक असा की, हा खर्च पट्टीवर दिसत नाही. वर्षाच्या टक्क्याचा रोजचा हिस्सा काढून तो दररोज योजनेच्या मालमत्तेतून वजा केला जातो आणि त्यानंतर उरलेली एनएव्ही जाहीर होते. समजा आपले एक लाख रुपये दीड टक्का खर्चाच्या योजनेत आहेत. वर्षाचे दीड हजार रुपये, म्हणजे रोजचे साधारण चार रुपये अकरा पैसे. हे चार रुपये आपल्या बँक खात्यातून जात नाहीत, पासबुकात त्यांची नोंद होत नाही, मोबाइलवर त्याचा संदेश येत नाही. म्हणून ते गेले असे वाटतच नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बँकेच्या ठेवीतही बँक आपला वाटा घेतेच. ठेवीदाराला कमी दराने व्याज देऊन तोच पैसा जास्त दराने कर्जाऊ देणे हाच बँकेचा व्यवसाय आहे. फरक एवढाच की, मुदत ठेवीत हातात पडणारा व्याजाचा दर आधी ठरलेला असतो. फंडात परतावा ठरलेला नसतो, खर्च मात्र ठरलेला असतो.

'दोनच टक्के' म्हणजे किती?

टक्केवारीच्या बाबतीत आपली माणसे भोळी आहेत असे कोणी समजू नये. सावकाराचा 'शेकडा दोन' म्हणजे महिन्याला दोन, वर्षाला चोवीस, हे न शिकलेल्या माणसालाही पक्के ठाऊक असते. पण फंडाचा खर्च 'वर्षाला फक्त दोन टक्के' असे ऐकले की शंभरातले दोन रुपये म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. हिशेब येथेच चुकतो.

समजा बाजारातून वर्षाला सरासरी दहा टक्के मिळाले. हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. असे मिळतीलच अशी हमी नाही आणि दरवर्षी सारखे तर मुळीच मिळत नाहीत. शंभर रुपयांवर दहा रुपये नफा झाला आणि दोन रुपये खर्च गेला, तर तो खर्च नफ्याचा पाचवा हिस्सा झाला. त्यात महागाई धरा. महागाई सहा टक्के असेल तर दहा टक्क्यांतील खरी वाढ चारच टक्क्यांची. त्यातून दोन गेले म्हणजे खऱ्या वाढीतला निम्मा भाग गेला. 'दोनच टक्के' या शब्दांचा हा खरा अर्थ होय.

आता चक्रवाढीचा हिशेब पाहू. सोपेपणासाठी दहातून खर्च सरळ वजा केला आहे. एक लाख रुपये एकदाच गुंतवले तर :

१० वर्षांनी — खर्च नसेल तर २ लाख ५९ हजार. खर्च १ टक्का असेल तर २ लाख ३७ हजार. खर्च २ टक्के असेल तर २ लाख १६ हजार.

२० वर्षांनी — अनुक्रमे ६ लाख ७३ हजार. ५ लाख ६० हजार. ४ लाख ६६ हजार.

३० वर्षांनी — अनुक्रमे १७ लाख ४५ हजार. १३ लाख २७ हजार. १० लाख ६ हजार.

शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचावी. तीस वर्षांत दोन टक्क्यांनी सात लाख एकोणचाळीस हजारांचा फरक पडला. म्हणजे जी रक्कम होऊ शकली असती तिच्यातला शेकडा बेचाळीस भाग गेला. एवढे पैसे त्या कंपनीने प्रत्यक्ष खर्च म्हणून घेतले असे मात्र नव्हे. काही भाग प्रत्यक्ष खर्चाचा आणि उरलेला भाग, तो खर्च झालेला पैसा आपल्याजवळ राहिला असता तर त्यावर जे वाढले असते त्याचा. जसे पेरणीच्या बियाण्यातले मूठभर रोज कोणी नेले, तर नुकसान मुठीचे नसते, त्या मुठीतून उगवणाऱ्या कणसांचे असते.

विद्यार्थ्यांसाठी बहात्तरचा नियम

विद्यार्थी मित्रांनी एक सोपा नियम वहीत लिहून ठेवावा. ७२ ला वार्षिक दराने भागले की पैसे किती वर्षांत दुप्पट होतील याचा अंदाज मिळतो. दर आठ टक्के असेल तर ९ वर्षे. दर दहा टक्के असेल तर सुमारे ७ वर्षे आणि अडीच महिने.

आता वयाच्या चोविसाव्या वर्षी नोकरीला लागून साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या तरुणाचा विचार करा. त्याच्याजवळ छत्तीस वर्षे आहेत. दहा टक्क्यांनी पैसे पाच वेळा दुप्पट होतात : एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा, सोळाचे बत्तीस. आठ टक्क्यांनी चारच वेळा दुप्पट होतात आणि हिशेब सोळावर थांबतो. दोन टक्के खर्चामुळे एक दुप्पट हुकली. जी हुकली ती शेवटची, म्हणजे सर्वांत मोठी. म्हणूनच खर्चाचा प्रश्न वयस्कांपेक्षा तरुणांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे.

दरमहा हजार रुपयांचे उदाहरण

आपल्यापैकी बहुतेकांजवळ एकदम लाख रुपये नसतात, महिन्याची बचत असते. महिना हजार म्हणजे वर्षाचे बारा हजार. सोप्या हिशेबासाठी ते वर्षाच्या अखेरीस भरले असे धरू. पंचवीस वर्षांत आपण एकूण ३ लाख रुपये भरले. हातात दहा टक्के पडले तर ११ लाख ८० हजार होतात. नऊ टक्के पडले तर १० लाख १६ हजार. आठ टक्के पडले तर ८ लाख ७७ हजार.

दहा आणि नऊ यांतील फरक एक लाख त्रेसष्ट हजारांहून अधिक आहे. आपण पंचवीस वर्षे पोटाला चिमटा घेऊन जे तीन लाख भरले, त्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम एका टक्क्याने इकडची तिकडे झाली. मुलीचे शिक्षण, घराची डागडुजी, म्हातारपणाचे औषधपाणी यांपैकी एखादी मोठी गोष्ट या एका टक्क्यात सामावलेली आहे.

नियम कसे बदलत गेले?

खर्चाच्या बाबतीत गुंतवणूकदाराचे हित सांभाळणारे बदल हळूहळू होत गेले. ते समजून घेतले तर आजची परिस्थिती कळते.

एकेकाळी योजनेत शिरतानाच 'प्रवेश भार' कापला जाई. शेअर्सच्या योजनांत तो बहुधा सव्वादोन टक्के असे. हजार रुपये भरले की प्रत्यक्ष गुंतवणूक ९७७ रुपये ५० पैशांचीच होई. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीने हा भार बंद केला.

१ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत 'डायरेक्ट' हा स्वतंत्र प्रकार सुरू झाला. मध्यस्थाशिवाय थेट गुंतवणूक केल्यास त्याचे कमिशन खर्चात धरले जात नाही. मध्यस्थामार्फत केल्यास तो 'रेग्युलर' प्रकार होतो. व्यवस्थापक तोच, शेअर्स तेच, फरक फक्त कमिशनचा. शेअर्सच्या योजनांत हा फरक साधारणपणे वर्षाला अर्धा ते एक टक्का असतो. वरील उदाहरणातील एक टक्का म्हणूनच काल्पनिक समजू नये.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सेबीने सुरुवातीलाच मोठे कमिशन देण्याची पद्धत बंद केली. तेव्हापासून मध्यस्थाला गुंतवणूक टिकेल तोवर वर्षागणिक कमिशन मिळते. १ एप्रिल २०१९ पासून खर्चाच्या नव्या कमाल मर्यादा लागू झाल्या. शेअर्सच्या खुल्या योजनांत पहिल्या ५०० कोटींवर सव्वादोन टक्के आणि योजना जसजशी मोठी होईल तसतसे कमी, ५० हजार कोटींवरील भागावर १.०५ टक्के, अशी ती उतरंड होती. निर्देशांकाच्या योजनांना एक टक्क्याची मर्यादा होती. ही उतरंड लावण्यामागे साधा विचार होता. शंभर माणसांचा स्वयंपाक दहा माणसांच्या स्वयंपाकाच्या दहापट खर्चिक नसतो. योजना मोठी झाली की दर माणशी खर्च कमी झाला पाहिजे आणि त्याचा लाभ गुंतवणूकदाराला मिळाला पाहिजे. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये सेबीने संपूर्ण नियमावलीची फेररचना मंजूर केली. तीत सरकारी कर मूळ खर्चापासून वेगळे काढून मर्यादा नव्याने ठरवण्यात आल्या आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख ठरली. म्हणून माहितीपत्रक वाचताना 'मूळ खर्च' आणि करांसह 'एकूण खर्च' यांत गल्लत करू नये. जुन्या कागदावरील आकडा आणि नव्या कागदावरील आकडा यांची तुलनाही जपून करावी.

आपल्या नावाने लागलेला जादा खर्च

आपल्यासारख्या लहान गावांशी थेट संबंध असलेला एक नियम फारसा कोणाला माहीत नाही. फंडांची गुंतवणूक मोठ्या शहरांतच एकवटली आहे, ती लहान गावांत पोहोचावी, या हेतूने सेबीने २०१२ मध्ये एक सवलत दिली. पहिल्या पंधरा शहरांबाहेरून ठरावीक प्रमाणात नवी गुंतवणूक आली, तर योजनेला वर्षाला ०.३० टक्क्यांपर्यंत जादा खर्च लावण्याची मुभा मिळाली. २०१८ मध्ये पंधराऐवजी पहिल्या तीस शहरांबाहेरची गावे असा बदल झाला. सेलू, मानवत, जिंतूर, पाथरी ही सारी गावे अर्थातच त्या 'बाहेरच्या' यादीत येतात.

हेतू चांगला होता. पण हा जादा खर्च संपूर्ण योजनेवर, म्हणजे सर्वच गुंतवणूकदारांवर पडत असे, त्यांत लहान गावचेही आलेच. पुढे या सवलतीच्या वापराबाबत प्रश्न उपस्थित झाले आणि १ मार्च २०२३ पासून ती स्थगित झाली. लहान गावातील माणसाला गुंतवणूक समजावून सांगण्यासाठी जो पैसा खर्च होतो, तोही अखेर गुंतवणूकदाराच्याच खिशातून जातो. मग समजावून घेण्याचा आपला हक्क आपण का बजावू नये?

न दिसणाऱ्या गोष्टीचा धडा

येथे यूएस-६४ चा उल्लेख करणे आवश्यक आहे. अनेक मध्यमवर्गीय घरांत या योजनेची प्रमाणपत्रे ट्रंकेत जपून ठेवलेली असत. या योजनेच्या युनिटचा खरेदी-विक्रीचा भाव संस्था स्वतः जाहीर करीत असे. तो आतील मालमत्तेच्या प्रत्यक्ष किमतीशी बांधलेला नव्हता. जुलै २००१ मध्ये युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवण्यात आली आणि जाहीर भाव व आतील किंमत यांतील तफावत सर्वांसमोर आली. पुढे २००२ च्या कायद्याने युनिट ट्रस्टचे विभाजन झाले. तो प्रश्न खर्चाचा नव्हता, भावाचा होता. पण धडा एकच आहे. जी गोष्ट कागदावर दिसत नाही ती नाहीच, असे धरून चालू नये. आज रोजची एनएव्ही आणि खर्चाचे प्रमाण फंडाला आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे लागते. माहिती उपलब्ध आहे, ती पाहण्याची सवय लावून घेणे आपल्या हाती आहे.

जास्त खर्च म्हणजे जास्त हुशारी का?

यावर कोणी म्हणेल की, चांगला डॉक्टर जास्त फी घेतो, तसा चांगला व्यवस्थापक जास्त घेणारच. हा युक्तिवाद तपासून पाहिला पाहिजे. नोबेल पारितोषिक विजेते अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९९१ मध्ये एका छोट्या लेखात याचा अगदी सोपा हिशेब मांडला. बाजारातील सर्व गुंतवणूकदारांना मिळून जेवढा परतावा मिळतो, तो बाजाराइतकाच असतो. कारण ते सर्व मिळूनच बाजार होतो. त्यात एकाला सरासरीपेक्षा जास्त मिळाले तर दुसऱ्याला तेवढे कमी मिळालेले असते. म्हणून निवडानिवड करून खरेदी-विक्री करणाऱ्या सर्व व्यवस्थापकांची सरासरी, खर्च वजा केल्यावर, बाजाराच्या मागेच राहणार. काही जण पुढे जातील हे खरे. ते कोण असतील हे आधी ओळखणे कठीण, आणि खर्च मात्र सर्वांचाच द्यावा लागतो.

याच विचारातून अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सर्वसामान्यांसाठी निर्देशांकाचा फंड काढला. निर्देशांकात जे शेअर्स ज्या प्रमाणात आहेत तेच त्या प्रमाणात घ्यायचे, त्यामुळे निवडीचा खर्च जवळजवळ नाही. आपल्याकडे सेन्सेक्स आणि निफ्टी यांवर आधारलेले असे फंड आहेत. त्यांच्या डायरेक्ट प्रकारात खर्च पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळतो. कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीतील काही भाग २०१५ पासून शेअर बाजारात गुंतवला जातो, तोही अशाच निर्देशांकाच्या योजनांमार्फत. मात्र लक्षात ठेवावे, खर्च कमी म्हणजे धोका कमी असे नव्हे. बाजार पडला की निर्देशांकाचा फंडही तितकाच पडतो.

१ नोव्हेंबर २००५ पासून राज्य शासनाच्या सेवेत आलेल्या बंधू-भगिनींना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा, म्हणजे एनपीएसचा, परिचय आहे. या योजनेत निधी व्यवस्थापनाचे शुल्क २०२१ मध्ये ठरले तेव्हा ०.०९ टक्के आणि निधी वाढेल तसे त्याहूनही कमी होते. इतर किरकोळ शुल्के निराळी, आणि निवृत्तीच्या वेळी काही भागाचे निवृत्तिवेतन घेण्याची अटही आहे. तरी तुलनेसाठी हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

मध्यस्थ नकोच का?

हा लेख वाचून कोणी आपल्या ओळखीच्या एजंटाशी भांडायला जाऊ नये. मध्यस्थाचे कमिशन ही त्याच्या कामाची मजुरी आहे. जो मध्यस्थ केवायसी करून देतो, वारसाची नोंद करून घेतो, घरातला कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या पत्नीला कागदपत्रांत मदत करतो आणि बाजार कोसळला असता धीर देतो, तो आपली मजुरी खरोखर कमावतो. २००८ मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांवरून घसरत मार्च २००९ पर्यंत आठ हजारांच्या आसपास आला. मार्च २०२० मध्ये तो दोन-अडीच महिन्यांत बेचाळीस हजारांवरून सव्वीस हजारांच्या खाली आला. अशा वेळी घाबरून सर्व काढून घेणाऱ्याचे नुकसान एका टक्क्याहून कितीतरी मोठे झाले. ज्याला स्वतःला हे सांभाळता येत नाही त्याने मध्यस्थाचा सल्ला घ्यावा, त्यात कमीपणा नाही. आक्षेप आहे तो मजुरी घेऊन काम न करणाऱ्याला, आणि मजुरी किती हे न सांगणाऱ्याला.

हेच आम्हा बँकवाल्यांनाही लागू आहे. अनेक बँका फंडाच्या वितरक आहेत आणि त्यांना कमिशन मिळते. टेबलापलीकडचा माणूस ओळखीचा आहे म्हणून सल्ला फुकट असतो असे नाही. फॉर्मवर 'एआरएन' हा वितरकाचा क्रमांक असतो. तो आहे म्हणजे योजना रेग्युलर आहे असे समजावे. सहा महिन्यांनी येणाऱ्या एकत्रित विवरणपत्रात वितरकाला आपल्यामुळे किती रुपये कमिशन मिळाले ते रुपयांत दिलेले असते. बहुतेक जण ते पान उलटतात. ते अवश्य वाचावे.

विचारावयाचे प्रश्न

फॉर्मवर सही करण्यापूर्वी खालील प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहून घ्यावीत.

१) ही योजना डायरेक्ट आहे की रेग्युलर? दोन्हींचा वार्षिक खर्च किती?

२) करांसह एकूण खर्च किती टक्के? माझ्या रकमेवर वर्षाला ते किती रुपये होतात?

३) याच प्रकारच्या निर्देशांक योजनेचा खर्च किती?

४) लवकर पैसे काढले तर निर्गमन भार किती? शेअर्सच्या अनेक योजनांत वर्षाच्या आत काढल्यास एक टक्का कापला जातो.

५) हा म्युच्युअल फंडच आहे की विम्याची युलिप योजना? युलिपमध्ये विम्याचा आणि इतर खर्च निराळा असतो. पूर्वी त्यातील पहिल्या वर्षांची कपात फार मोठी असे. १ सप्टेंबर २०१० पासून तिच्यावर मर्यादा आल्या आहेत. तरीही विमा आणि गुंतवणूक यांचा हिशेब वेगवेगळा मांडावा.

६) कमिशनच्या बदल्यात मला कोणती सेवा मिळेल?

काही सूचना

ज्यांची गुंतवणूक आधीच रेग्युलर प्रकारात आहे त्यांनी घाईने बदल करू नये. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे हे कायद्याने विकून पुन्हा घेणे समजले जाते. त्यावर निर्गमन भार आणि कर लागू शकतो. २३ जुलै २०२४ पासून शेअर्सच्या योजनांतील एक वर्षावरील नफ्यावर, वर्षाकाठी सव्वा लाखापुढील भागाला, साडेबारा टक्के कर आहे. जुनी रक्कम तशीच ठेवून नवे हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करणे हा एक मध्यम मार्ग आहे.

केवळ खर्च कमी म्हणून अनोळखी योजना घेऊ नये, आणि दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा शेअर्सच्या योजनेत मुळीच घालू नये. घरात शेकडा दोन-तीनचे सावकारी देणे असेल तर आधी ते फेडावे. वर्षाला चोवीस ते छत्तीस टक्के व्याज वाचवून देणारा फंड कोठेही मिळणार नाही. त्यानंतर सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम बँकेत ठेवावी आणि मगच दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीचा विचार करावा.

अखेरीस एवढेच सांगावेसे वाटते की, बाजार वर जाणार की खाली, हे ना मोठ्या शहरातील तज्ज्ञाला ठाऊक असते ना आपल्याला. त्या बाबतीत सर्व सारखेच. पण खर्च किती द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार सामान्यातल्या सामान्य गुंतवणूकदारालाही आहे, आणि त्यासाठी दहावीच्या गणितापलीकडचे काही लागत नाही. विद्यार्थ्यांनी या सुट्टीत एक काम करावे. घरात आई-वडिलांची एसआयपी असेल तर तिचे विवरणपत्र मागून घ्यावे, योजनेच्या नावापुढे कोणता शब्द आहे तो पाहावा, खर्चाचा टक्का शोधावा आणि वीस वर्षांचा हिशेब वहीवर मांडून तो घरात सर्वांना वाचून दाखवावा. आपल्या आधीच्या पिढीने अक्षर ओळखून सावकाराची चोपडी वाचायला सुरुवात केली. विवरणपत्रातील टक्का वाचणे हे त्याच शिक्षणाचे पुढचे पाऊल आहे.